वेणा हे नाव ठेवू की नको?

पत्र असं आहे:

"ताई, माझं माहेर मेढ्याजवळचं, सासर मिरजेचं. आम्हाला मुलगी झाली. मृग नक्षत्राचा पहिला चरण, म्हणून गुरुजींनी 'वे' अक्षर काढून दिलं. माझ्या मनात पहिल्यापासून 'वेणा' हे एकच नाव आहे. आमच्या गावची नदी ती, आणि मला नावही गोड वाटतं. पण घरात कुणालाच पसंत नाही. सासूबाई म्हणतात, वेणा म्हणजे बाळंतपणाच्या कळा, असलं नाव कुणी ठेवतं का? शिवाय समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाई बालविधवा होत्या, तेही त्यांना खटकतं. वन्सं म्हणतात की जन्मभर लोक तिला वीणा म्हणतील, त्यापेक्षा वेदिका ठेव. भाऊजींनी मोबाईलवर शोधून सांगितलं की वेन नावाचा दुष्ट राजा होता. आणि मामासासरे म्हणाले, पोरीच्या नावावर एवढं काय डोकं लावायचं. अहो माझ्या बाजूनं आहेत, पण आईपुढं बोलत नाहीत. बारसं सव्वा महिन्यानं ठरलंय. या नावाचा खरा अर्थ काय, ते कुठून आलं, आता कुणी ठेवतं का आणि मी हट्ट धरावा का, ते सांगा. – मिरजेची सून"

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं की तुला स्वतःलाही अजून पूर्ण ठाऊक नाही तू केवढं नाव निवडलंयस. तू ते माहेरची नदी म्हणून निवडलंस. तुझ्या सासरच्या गावाचा त्याच नावावर तुझ्या माहेराइतकाच हक्क आहे, किंबहुना जास्तच. तिथपर्यंत येतेच, पण सासूबाईंचा पहिला आक्षेप आधी घेते, कारण सगळ्यांत खरा तोच आहे.

मराठीत 'वेण' म्हणजे प्रसूतीची कळ आणि तिचं अनेकवचन वेणा. 'तिला वेणा सुरू झाल्या' असं आपल्या आयाआज्या सहज बोलतात. 'वेदना' हा संस्कृत शब्द बोलता बोलता झिजला आणि त्याचं हे रूप झालं. नदीच्या नावाशी किंवा संत वेणाबाईंच्या नावाशी त्याचा संबंध नाही, दोन वेगळे शब्द कानाला सारखे लागतात इतकंच. पण ज्या बाईनं आयुष्यभर तो शब्द एकाच अर्थानं ऐकलाय, तिला 'तसं नसतं हो' म्हणून गप्प करू नकोस. सासूबाईंना भाषा कळत नाही असं मुळीच नाही. घरात त्यांचीच भाषा सगळ्यांत जुनी आहे, म्हणून तो अर्थ त्यांना आधी ऐकू आला. तुझ्या पिढीच्या बायका दवाखान्यात 'कळा' म्हणतात, नाहीतर सरळ 'पेन्स'. तुझी मुलगी शाळेत जाईल तेव्हा वर्गातल्या कुणालाच तो जुना अर्थ माहीत नसेल. तरी सासूबाईंच्या कानाला तो बोचत असेल तर त्यावर एक रस्ता आहे, तो पुढं सांगते.

भाऊजींचा आक्षेप लवकर मिटतो. पुराणातला तो राजा 'वेन', दंत्य न, पुल्लिंगी नाव. अंग राजा आणि सुनीथा यांचा मुलगा. त्यानं यज्ञ बंद पाडले म्हणून ऋषींनी त्याला मारलं आणि त्याच्या हाताचं मंथन केलं तेव्हा पृथू जन्मला, ज्याच्यावरून पृथ्वीला पृथ्वी म्हणतात. तुझ्या नावात मूर्धन्य ण आहे, शब्द वेगळा आहे. आणि भाऊजींना वेनाचंच वाटत असेल तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'वेन' या नावानं एक अख्खं सूक्त आहे, तिथं तो दुष्ट राजा नाही. मोबाईलवरच्या नावांच्या याद्यांचं एक सांगून ठेवते. तिथं कुठल्याही नावापुढं 'पवित्र', 'तेजस्वी', 'देवीचं रूप' असे अर्थ चिकटवलेले असतात आणि एका यादीवरून दुसरी यादी उतरवलेली असते. अर्थ पाहायचा तर शब्दकोशात पाहावा, नाहीतर ते नाव आधी कुणी वागवलं ते पाहावं.

आता नदी. तू मेढ्याजवळची, म्हणजे वेण्णा तुला मी काय सांगायची. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम, लिंगमळ्याचा धबधबा, मग मेढा, पुढं कण्हेरचं धरण आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत विसर्जन. आज सगळे वेण्णा म्हणतात, पण जुन्या लिखाणात वेणा, वेणी, वेण्या अशी रूपं सापडतात. आणि ती बहुतेकदा एकटी येत नाही, थोरल्या बहिणीबरोबर येते: कृष्णवेणा, कृष्णवेणी. महाभारतातल्या तीर्थांच्या वर्णनात कृष्णवेणा हे नाव आहे. ओडिशातल्या हाथीगुंफेत खारवेल राजाचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, त्यात त्याचं सैन्य 'कण्हबेंणा' नदीपर्यंत गेल्याचं कोरलंय. काही अभ्यासक ती नदी विदर्भातली मानतात, काही आपली कृष्णा. विदर्भातही वेणा नावाची नदी आहेच, ती वर्ध्याला मिळते. नदी यातली कुठलीही असो, हे नाव दगडावर कोरलं गेलं तेव्हा मराठी भाषा जन्माला यायची होती.

पुराणातली गोष्ट सासूबाईंना ठाऊक असेल, नसेल तर तू सांग. ब्रह्मदेवानं सह्याद्रीवर यज्ञ मांडला. मुहूर्त झाला तरी सावित्री आली नव्हती, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवलं. सावित्री आली, तिनं हे पाहिलं आणि रागानं शाप दिला की तुम्ही सगळे नद्या व्हाल. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा झाली आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे आपली कोयना. सावित्री-गायत्रीही नद्या झाल्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात या पाचही जणी एकत्र मानतात. म्हणजे या कथेप्रमाणे वेण्णा हे शंकराचं रूप आणि माहुलीचा संगम म्हणजे हरी आणि हराची भेट. घरात शिवाची भक्ती असेल तर हे एकच पुरेसं आहे.

नदीचं नाव मुलीला ठेवणं आपल्याकडं काही नवं नाही. गंगा, गोदावरी, भागीरथी, कृष्णा, ही आपल्या पणज्यांची नावं. वाईला तर नदीलाच कृष्णाबाई म्हणतात आणि घाटाघाटावर तिचा उत्सव होतो. आंध्र-तेलंगणाच्या बाजूला कृष्णवेणी हे मुलीचं नाव आजही सर्रास ऐकू येतं. नदी आपल्याकडून वाहत जाते आणि तिचं जोडनाव तिकडं घरोघरी वापरात राहतं. उगमाजवळच्या आपल्या दोन जिल्ह्यांत मात्र ते मुलींना ठेवायचं आपण सोडून दिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मिरज, आणि इथं जरा बसून वाच. सासूबाई 'बालविधवा' म्हणाल्या, ते खरं आहे. वेणाबाईंचं माहेर कोल्हापूरचं, सासर मिरजेचं, लहानपणीच वैधव्य आलं. सतराव्या शतकातली गोष्ट, तेव्हा अशा मुलीचं पुढचं आयुष्य कसं जायचं ते आपण जाणतो. परंपरा सांगते की त्या तुळशीजवळ एकनाथी भागवत वाचत बसल्या होत्या, समर्थ रामदास भिक्षेला दारात आले, त्यांनी विचारलं, 'वाचतेस ते समजतं का?' आणि तिथून त्यांचे प्रश्न सुरू झाले. समर्थांच्या कीर्तनाला जाते म्हणून लोक बोलू लागले. बदनामीच्या भीतीनं घरच्यांनीच विष दिलं आणि त्यातून त्या वाचल्या, असंही सांगतात. विषाच्या कथेवर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, पण अशी कथा रचावीशी वाटावी इतका विरोध त्या बाईनं सोसला होता, एवढं त्यातून नक्की कळतं.

पुढं काय झालं ते बघ. समर्थांनी त्यांना मिरजेच्या मठाचं प्रमुखपद दिलं. विधवा बाईनं चारचौघांत उभं राहून कीर्तन करायचं हे त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, ते वेणाबाईंनी केलं आणि लोकांनी बसून ऐकलं. लग्नघरात जिनं पुढं यायचं नाही असा दंडक, तिनं 'सीतास्वयंवर' हे काव्य लिहिलं, सीतेचं लग्न ओव्यांमधून मांडलं. मला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. चमत्काराच्या कथा त्याच्यापुढं फिक्या आहेत. 1678 साली, समर्थांच्या आधी, सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. गडावर त्यांचं वृंदावन आहे, तिथं लोक आजही डोकं टेकवतात. आणि मिरजेत लोक त्यांना नुसतं वेणाबाई म्हणत नाहीत, वेणास्वामी म्हणतात. 'स्वामी' हा मान किती बायकांच्या वाट्याला आला? तुझ्या सासरच्या गावातला वेणास्वामी मठ त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

म्हणजे तुझ्या मुलीला आईकडून नदी मिळते आणि बापाकडून मठ. सातारा आणि सांगली दोन्ही एका दोन अक्षरी नावात आले. दुसरं कुठलं नाव तुझ्या मुलीसाठी हे करू शकेल, मला तरी सुचत नाही.

विधवेचं नाव अशुभ, या म्हणण्यावर माझं मत स्पष्ट आहे. नावाला नवरा असतो-नसतो असं काही नाही. अहिल्याबाई होळकरांना ऐन तरुणपणी वैधव्य आलं, म्हणून अहिल्या नाव कुणी टाकलंय का? उलट लोक अभिमानानं ठेवतात. ताराराणी विधवा असतानाच औरंगजेबाशी लढल्या आणि 'तारा' नाव घराघरांत आहे. सासूबाईंना हे भांडून सांगू नकोस. त्यांना घेऊन एखाद्या सकाळी मठात जा. मिरजेत राहूनही कित्येक वर्षांत त्या तिथं गेल्या नसतील, असं गावोगावी होतं, जवळचं देऊळ राहूनच जातं. बाळ घेऊन जा, दर्शन घ्या, तिथल्या मंडळींना वेणाबाईंबद्दल विचार आणि बोलणं सासूबाईंना ऐकू दे. तू मध्ये पडू नकोस. सुनेनं सांगितलेलं आणि मठात ऐकलेलं, दोन्हींचं वजन वेगळं असतं.

वन्संचं म्हणणं व्यवहाराचं आहे. वीणा म्हणतील का? हो, काही लोक म्हणतील. शिक्षक, बँकेतला माणूस, पत्रिका छापणारा, सगळे एकदा तरी चुकतील आणि मुलीला 'वीणा नाही, वेणा' हे सांगत राहावं लागेल. आपल्या भागात बोलताना ण चा न होतो, तसं शेजारपाजारी 'वेना' होईल. घरात लाडानं वेणू होईल, रागावलं की 'वेणे' होईल. महाबळेश्वरच्या सहलीला गेली की पोरं 'तुझा लेक आला गं' म्हणून चिडवतील, वेण्णा लेकवरून. हे सगळं होणार हे धरूनच निर्णय घे. माझ्या मते हा त्रास सोसण्याइतका छोटा आहे. वेदिका हे नाव सुंदर आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण 'वे' अक्षर आलं की वेदा, वेदिका, वेदांगी, वेदश्री इथंच सगळे थांबतात, त्यामुळं वर्गात दोन वेदिका असण्याचा संभव मोठा आणि मग आडनावानं हाक मारावी लागते.

वेणू हे नाव आजीच्या पिढीत आपल्याकडं पुष्कळ होतं. यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी वेणूताई, माहेर फलटणचं, त्यांच्या नावाचं रुग्णालय कराडात आहे. पण वेणू म्हणजे बासरी, तो शब्द निराळा. नावं ऐकायला बहिणी वाटतात म्हणून हे सांगितलं.

आता कुणी ठेवतं का, असं विचारलंस. आपल्याकडं जन्मनोंदणीतून नावांची वर्षावर्षाची यादी सरकार प्रसिद्ध करत नाही, त्यामुळं 'अमुक क्रमांकाचं लोकप्रिय नाव' असं कुणी सांगितलं तर ते अंदाजानं. पण हजेरीपट डोळ्यांसमोर आणला तरी पुरे. आपल्या भागात आधी हौसाबाई, बाळाबाई, अक्काताई होत्या. मग शालन, मालन, सुमन, कुसुम आल्या. त्यांच्या मुली सुनीता, अनिता, त्यांच्या मुली पूजा, प्रियांका आणि आता स्वरा, अन्वी, आराध्या. या कुठल्याच रांगेत वेणा नाही. 'वेणाबाई' म्हणून जुन्या पिढीत अधूनमधून भेटेल, लहान मुलगी मात्र क्वचित. म्हणजे नाव दुर्मिळ आहे, पण परकं नाही, लिहायला दोनच अक्षरं आणि मिरजेत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. दुर्मिळ नावाकडून मी एवढीच अपेक्षा करते. हल्ली दुर्मिळपणासाठी चार अक्षरं कुठूनतरी जोडून नाव तयार करतात, ज्याला ना कोश ना गाव. तुझं तसं नाही.

आणि मामासासरे. 'पोरीच्या नावावर एवढं काय डोकं लावायचं' हे ते सहज बोलले असतील, त्यांच्या मनात वाईट नसेल. पण सातारा जिल्ह्यातल्या माहेरवाशिणीनं हे वाक्य ऐकून सोडून देऊ नये. आपल्या जिल्ह्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचं नाव 'नकुशा' ठेवायचे, नकोशी म्हणून. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं अशा मुली शोधून काढल्या आणि एका समारंभात 285 मुलींना नवी नावं दिली. शाळेच्या हजेरीत रोज 'नकुशा' अशी हाक आली की 'हजर' म्हणायचं, असं बालपण त्या मुलींनी काढलं होतं. त्यांच्या घरीही कुणीतरी म्हणालंच असेल, पोरीच्या नावावर काय डोकं लावायचं. याच मातीत याच्या नेमकं उलट नावही आहे: हौसा. हौसेनं झालेली, हवी असलेली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेकीचं नाव हौसाताई, प्रतिसरकारच्या लढ्यात त्या स्वतः उतरल्या होत्या. मामांना हे दोन्ही सांग, शांतपणे सांग. नकुशा त्यांना नक्की आठवेल.

हट्ट धरावा का? धर, पण एकटीनं नको. तुझ्या पत्रात मला सगळ्यांत खटकलं ते हे की अहो तुझ्या बाजूनं असून गप्प आहेत. मुलगी दोघांची आहे. त्यांना सांग, आईशी माझ्यासमोर नको, पण एकदा एकटं बसून बोला. 'मला हे नाव आवडलंय' एवढं वाक्य मुलाच्या तोंडून आलं की अर्धा विरोध मावळतो, कारण मग तो सुनेचा हट्ट राहत नाही.

दुसरं, वन्संना आपल्या बाजूला घे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. कुर्रर्र करून ती जे नाव सांगेल ते नाव. तिच्या मनाविरुद्धचं नाव तिच्याकडून म्हणवून घेणं तिलाही जड जाईल आणि ते वर्षानुवर्षं निघत राहील. तिला वेदिका आवडलंय ना, मग म्हण, 'वन्सं, पाळण्यातली नावं दोन ठेवू, कागदावर वेणा आणि दुसरं तुमच्या आवडीचं, त्या नावानं तुम्ही हाक मारा.' आपल्याकडं पाळण्यात चार-पाच नावं ठेवायची पद्धत आहेच, ती अशा वेळी उपयोगी पडते. साडी नेहमीपेक्षा जरा बरी घे, तेही सांगते.

इतकं करूनही सासूबाईंच्या कानाला 'वेणा' म्हणजे कळाच ऐकू येत असतील तर 'वेण्णा' लिही. दोन ण आले की तो जुना शब्द पुसला जातो आणि सरळ नदी उभी राहते. अक्षर तेच राहतं, माहेर राहतं. मिरजेच्या वेणाबाईंशी धागा थोडा सैल होतो, पण तुटत नाही. मला विचारशील तर माझं मत वेणाला आहे. पण ज्या नावानं आजी नातीला मोकळ्या मनानं हाक मारू शकत नाही, त्यापेक्षा एक जादा ण परवडला.

कागदाचं तेवढं नीट कर. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती तिथूनच जाते. नाव तेव्हा ठरलेलं नसलं तरी बिघडत नाही. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून बारशाच्या आत घाई करून घरात कटुता आणू नकोस, वेळ आहे. पण एकदा लिहिलं की बारकाईनं तपास, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरतात. मराठीत ण आहे ना, न झालेला नाही ना, ते पाहा. इंग्रजीत व्ही, ई, एन, ए असंच लिही, एकच ई. दोन ई पडले की ती कागदावर वीणा झाली आणि मग वन्संचं भाकीत खरं ठरलं. वेण्णा ठरलं तर दोन एन.

आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम झालाय. म्हणजे तिच्या नावाला लागून तुझं नाव येणार. नावनोंदणीच्या अर्जावर सही करण्याआधी ते चारही शब्द मोठ्यानं एकदा वाचून बघ, अहोंना आणि सासूबाईंनाही वाचून दाखव.

बारशाला काय ठरलं ते कळव.